धुरपताबाईंनी रोवणा मागे फिरवला, त्या मोहिमेची हकीकत

स्वस्ति. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरी, आश्विन मास सरता सरता, भंडारे प्रांती, तुमसर परगण्यात, मौजे सिहोरे येथे जो रणसंग्राम जाहला, त्यात तलवार एकही उपसली गेली नाही, परंतु एक थोर लेखक रुसला आणि ऐन दिवाळीत सारा गाव हवालदिल जाहला. त्याची साद्यंत हकीकत लिहावी ऐसी गावकरी मंडळींची आज्ञा आली, ती शिरसावंद्य मानून, कोणाची भीड न धरता, लिहितो. लिहिणारा स्वतः लेखकच, सबब रुसव्याची विद्या त्यास घरबसल्या ठाऊक आहे.

तर श्रीमंत राजमान्य राजेश्री लक्ष्मणराव मास्तर, नाट्यधुरंधर, संवादसमशेरबहाद्दर, शाळेतून निवृत्त जाहल्यावर दर साल मंडईचे नाटक लिहीत. मंडई म्हणजे दिवाळी उलटल्यावर गावोगाव भरते ती जत्रा. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, आणि दुपारी मांडवात नाटक होते. नाटक चांगले तर वर्षभर गावाची मान ताठ, आणि नाटक पडले तर सोयरिकीच्या बैठकीतही लोक तेच काढतात. मास्तरांची अकरा नाटके जाहली आणि अकराही वेळा रयतेने वाहवा केली, व्हॉट्सअॅप नामे चावडीवर अंगठ्यांचा नजराणा पडला, आणि मग मास्तरांचा समज जाहला की आपले लेखणीस चूक ठाऊकच नाही.

यंदाचे नाटक 'सून बांधीतली, मान धुऱ्याचा'. दुसऱ्या अंकी टाकून दिलेली सून भर पावसात बांधीत, म्हणजे पाण्याने भरलेल्या खाचरात, धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करते, गाणे म्हणत एकेक रोप लावीत पुढे पुढे येते, आणि कडेच्या धुऱ्यावर, बांधावर, पश्चात्ताप पावलेला नवरा दोन्ही हात पसरून उभा असतो. या प्रवेशावर मास्तरांची सारी मदार. सुनेचे कामी गावचीच कन्या मोना नामजाद जाहली होती. तिचे हे पहिलेच काम, आणि महिनाभर ती कॉलेजातून येताच समाजमंदिरी हजर होई.

मंडईस सात दिवस राहिले असता तालीम चालू होती. दिग्दर्शनाची सरदारी भूपेंद्र याजकडे होती. बायामाणसांत मास्तरांचे कुटुंब रुखमिणीबाई बसल्या होत्या आणि त्यांचे शेजारी मोनाची आजी धुरपताबाई. या बाईंची कीर्ती काय सांगावी! चाळीस पावसाळे रोवणा करणाऱ्या बायांच्या टोळीची सरदारकी केली, पायांची बोटे चिखलाने खाल्ली, परंतु टोळी कधी मोडली नाही. मोना गात गात पुढे आली, आणि बाईंनी हात वर केला आणि सर्व दरबारासमक्ष विचारत्या जाहल्या:

"मास्तर, पोरगी पुढं काहून चालून राहिली? रोवणा मागं सरकत करतेत. पुढं चालली त आपले लावलेलेच पऱ्हे आपल्याच पायानं तुडवंल ना."

मागचे बाकावर कोणी तोंडात रुमाल कोंबला. भूपेंद्र छताकडे पाहू लागला.

आता नवल हेच की मास्तरांचे घरी पिढीजात धानाची शेती, तलावाखालची चांगली ओलिताची जमीन. परंतु रोवणा हे बायांचे काम आणि मास्तरांचे हाती सहाव्या वर्षीच पाटी आली. रोवणा पाहिला तो साठ वर्षे धुऱ्यावरून, छत्री धरून. धुऱ्यावरून हिरवे दिसते, पाय दिसत नाहीत. झाडीपट्टीतले किती पुरुष असे जन्मभर धुऱ्यावर उभे आहेत, त्याची गणती येथे करीत नाही.

मास्तरांचा चेहरा लालबुंद जाहला. धुरपताबाई अजून काही बोलतच होत्या, परंतु मास्तरांनी नाटकाची वही काखेत मारली आणि तेथूनच कूच केले. घरी पोहोचताच चावडीवर खलिता सोडला की, ज्या गावात कलेची कदर नाही तेथे आमचे नाटक होणार नाही, आणि लगोलग चावडीतून बाहेर पडले. मग भूपेंद्राने त्यांस पुन्हा आत घेतले, आणि मास्तर पुन्हा बाहेर पडले. ऐसे तीन वेळा जाहले.

मग वेढा पडला. मास्तर माडीवर, वही उशीखाली, आणि दार आतून बंद. दिवाळीचे फराळास उघडपणे हात लावला नाही, आडून किती लावला हे अनारशांचा डबा जाणे. इकडे चिखला गावचे खाणीतले कामगार आपले नाटक घेऊन यावयास तयार आहेत, ऐशी खबर आली आणि मंडळींचा धीर सुटला. सिहोऱ्याचे मंडईत परगावचे नाटक! मोनाने नाटकासाठी काढलेली साडी पुन्हा घडी करून ट्रंकेत ठेवली आणि आजीशी बोलणे टाकले. धुरपताबाई विळा घेऊन हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाच्या कापणीस गेल्या.

चौथे दिवशी रुखमिणीबाई शेजारी गेल्या होत्या, तेव्हा मास्तर खाली उतरले. मनात एकच मसलत, की बाईचे बोलणे खोटे पाडावे आणि विजयी मुद्रेने गावात फिरावे. अंगणात पाणी ओतून चिखल केला, स्वयंपाकघरातून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन हिरव्यागार जुड्या आणल्या, धोतर खोचले आणि काडी काडी रोवीत, स्वतःचेच गाणे गुणगुणत, पुढे पुढे निघाले. तुळशीपाशी पोहोचून मागे वळून पाहतात तो सारा सांबार भुईसपाट, आणि प्रत्येक काडीवर राजेश्रींची पाउले उमटलेली. तेवढ्यात फाटक वाजले आणि खासा रुखमिणीबाईंची स्वारी आत आली.

बाईंनी आधी सांबाराकडे पाहिले, मग पतीकडे.

"तुले ठाऊक होतं?" मास्तरांनी विचारले.

"पयल्या दिवसापासून. मी का रोवणा नाई केला?"

"मंग सांगतलं काहून नाई?"

"एकडाव सांगतलं होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या दुसऱ्या नाटकात पोटुशी बाईचे दिवस अकरा महिने चालले होते. मी बोलली त दोन दिवस जेवले नाई तुमी. तवापासून मी नुसती वा वा म्हनतो. मांगं तुमी औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवलं, मी त्यालेबी वा म्हनलं."

ही तोफ वर्मी लागली. मास्तर ओट्यावर बसले. अकरा नाटकांच्या वाहवा एकेक करून त्यांचे डोळ्यांपुढून गेल्या, आणि त्यांतली खरी कोणती आणि भिऊन दिलेली कोणती, हे त्यांस काही केल्या उमजेना. त्या घडीस ते फार एकटे पडले.

मग बाई जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "धुरपताबाई पुढं काय बोलत होती ते त तुमी आयकलंच नाई. ते म्हने, 'पन पयल्या अंकात मायनं लेकीले परत धाडताना पाठ फिरवली ना, तिथं माह्या डोऱ्याले पानी आलं. इतकं खरं लिवलं, मंग रोवणाच खोटा काहून ठेवावा?' तुमी तवा फाटकाच्या भाईर होते."

येथे बखरकार दोन शब्द पदरचे घालतो. लेखक-कलावंत हो, टीका करणारा प्रत्येक जण शहाणा असतो ऐसे नाही, पुष्कळांस नुसती खोड असते. परंतु शहाणा कोण आणि खोडीचा कोण, हे पुरते ऐकून घेतल्यावाचून कळत नाही. राखणदाराने पिकात डुकरे शिरली म्हणून हाकारा केला, तर डुकरे सोडून त्याच्याच डोकीत काठी घालणारा धनी आपल्यात फार. आणि ज्यास कोणीच चूक सांगत नाही, त्याने आपण निर्दोष जाहलो ऐसे न समजता, लोक आपणास भितात की काय, याचा शोध घ्यावा.

मास्तरांनी वही काढली आणि अनवाणी धुरपताबाईंच्या बांधीवर गेले. बाई कापणी थांबवून उभ्या राहिल्या. मास्तरांस माफीचे शब्द सुचेनात, जन्मभर दुसऱ्यांचे तोंडी घातले तेवढेच. अखेर म्हणाले, "बाई, मले रोवणा शिकव."

बाईंनी हसूही आणले नाही. धानाच्या काड्या हाती दिल्या आणि कमरेत वाकवले. "मागं पाहाचं नाई. लावलं तेच पाहाचं आन् मागं सरकाचं. धुरा टाचेले लागला का पात संपली." मास्तर दहा हात मागे सरकले आणि कंबर धरून बसले. परंतु बसल्या जागी डोळे चमकले, वही मांडीवर आली आणि प्रवेश तेथेच नवा लिहिला गेला.

मंडईचे दिवशी मांडव खचाखच भरला. मोना पाठमोरी, एकेक रोप लावीत, मागे मागे सरकत आली. मागे धुऱ्यावर नवरा उभा आहे हे साऱ्या मांडवास दिसे, तिलाच दिसेना. ती आपले लावलेले हिरवे पाहत गात होती. नवऱ्याने हात पसरले नाहीत, तो नुसता उभा होता. तिची टाच धुऱ्यास लागली आणि ती वळली. मांडवात इतक्या बाया, पण बांगडी वाजली नाही, आणि मग मागून कोणी म्हातारी मोठ्याने रडली.

नाटक उठल्यावर सत्कार जाहला, शाल-नारळ जाहले. आणि त्या गर्दीतून वाट काढीत धुरपताबाई आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, रोवणा ब्येस झाला. पन शेवटी सासू लई लवकर सुधरते. सासवा अशा सुधरत नाईत."

भूपेंद्राने सावधपणे नाटकाची वही उचलून पाठीमागे लपवली. मास्तरांचा चेहरा लाल जाहला, कान तापले, ओठ दोनदा हलले. मग त्यांनी खांद्यावरची नवी शाल काढली, जमिनीवर अंथरली आणि म्हणाले, "बस इथं बाई. काहून असं वाटलं, सुरवातीपासून सांग. पुरं होयेपर्यंत मी उठत नाई."

येणेप्रमाणे शके १९४७, कार्तिक शुद्धात, मंडईचे दिवशी, दिवस मावळावयास दोन घटका असता, मौजे सिहोरे मुक्कामी लक्ष्मणराव मास्तरांचे मिजाशीचा किल्ला सर जाहला. किल्लेदाराने दरवाजा आतून आपले हाताने उघडला. किल्लेदारास जखम आहे आणि ती दुखते, परंतु तो बसून आहे आणि ऐकतो आहे. फत्ते जाहली, हे नोंदविले असे.