वकीलअण्णांच्या गांधीलमाश्या

आमच्या उणकलच्या लेआउटमध्ये स्वतःच्या घरात मागच्या दारानं जाणारा एकच माणूस, शेजारचे वकीलअण्णा. पुढच्या फाटकाच्या कमानीवर, बोगनवेलीत, गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. काढा म्हटलं की म्हणायचे, "ताबा त्यांचा आहे, अक्का. नोटीस दिल्याशिवाय घर खाली करून घेता येत नाही."

आयुष्यभर धारवाडच्या कोर्टात भाडेकरूंच्या केसेस लढवल्या, त्याचा हा परिणाम असावा.

माश्यांशी ते कानडीत बोलत, आणि तेही मानानं. एखादी फार जवळ घोंगावली की "सुम्न कूड्री," म्हणजे गप्प बसा हो, असं सांगत. बायको होती तेव्हा तिच्याशी एवढ्या मानानं बोललेले मी तरी ऐकले नाहीत. एकदा नाकावरच डंख बसला. तर चुना फासलेलं टोमॅटोएवढं नाक घेऊन मलाच सांगतात, चूक माझीच, मी मध्ये गेलो. आता या माणसापुढं कुणी कपाळ फोडून घ्यावं?

मी धूर सुचवला, रॉकेलचा बोळा सुचवला, पोळी काढणाऱ्या माणसाचा नंबर दिला. सगळ्याला मान हलवायचे, करायचं मात्र काही नाही. मुलगा रायापूरला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण नातीला घेऊन कधी आलेला दिसायचा नाही. विचारलं तर म्हणाले, मीच नको म्हणतो, पोर लहान आहे, माश्या चावल्या तर? अहो, मग पोळं काढा की! तर पुन्हा आपलं तेच, ताबा त्यांचा. माझं डोकंच चालेना. नात हवी की माश्या, एवढं साधं या माणसाला ठरवता येऊ नये?

थंडी पडली तशा माश्या आपणहून गेल्या. मी खराट्याच्या दांड्यानं पोळं ढोसून पाहिलं, एक निघेल तर शपथ. आनंदानं अण्णांना हाक मारली, म्हटलं, आता बोलवा नातीला. तर त्यांचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी बघते तो फाटकावर पाटी, कानडीत आणि मराठीत: गांधीलमाश्या आहेत, आत येऊ नये.

आता मात्र मला राग आला. फाटकापाशीच गाठून विचारलं, अण्णा, हा काय खेळ मांडलाय?

ते बराच वेळ पाटीची दोरी नीट करत राहिले.

"माश्या आहेत तोवर मी येऊ नका म्हणतो, म्हणून ते येत नाहीत," ते म्हणाले. "माश्या गेल्या, आणि तरीही ते आले नाहीत, तर मग मी काय म्हणायचं, अक्का?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. त्या मुलाला फोन करून चांगलं फैलावर घ्यावं असं वाटलं, पण तो काही माझा अधिकार नव्हे. मी पाटी बाजूला सारली आणि फाटक उघडलं.

अण्णा गडबडले. "भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते की," मी म्हटलं. "पण चहा प्यायचाय."