नारूभाऊची नजर

आमची संध्याकाळची भाकरी सकाळच्या हारांवर अवलंबून आणि हार नारूभाऊवर; त्यामुळे आम्ही बरेचदा उपाशी झोपत असू.

नारूभाऊ माझा चुलतभाऊ. आई-बाप प्लेगात गेले आणि तो आमच्या घरी वाढला. मळ्यातला झेंडू खुडायचा, पंचवटीत हार विकायचे, हा आमचा धंदा. त्यात हा गडी एका फुलाशेजारी त्याच मापाचं दुसरं मिळेपर्यंत टोपली उपसत बसायचा.

"नाऱ्या, देव जेवून झोपला की रे!" माझे वडील ओरडत.

"आबा, हार एका अंगाला झुकतोय."

"देवानं कधी तक्रार केली?"

"देव भिडस्त हाय."

शिंप्याकडे कामाला ठेवला, तर यानं गिऱ्हाइकालाच सांगितलं, "तुमचा डावा खांदा उतरलाय." दुपारी स्वारी घरी परत.

पुढे मी बी.ए. झालो. आमच्या वस्तीतला पहिलाच. मी सांगितलं नाही तर दुसरं कोणी सांगणार नाही. सरकारी छापखान्यात पोस्टाची तिकिटं तपासायला माणसं हवी होती. नारूभाऊच्या नावे अर्ज मीच इंग्रजीत ठोकला. तिकिटावरच्या राजेसाहेबांच्या मिशीत शाई जरा पसरली की हा अख्खा कागद बाद करी. ज्या खोडीपायी घरानं शिव्या घातल्या, तिच्यासाठी सरकार पगार देऊ लागलं! इंग्रजांबद्दल माझं मत बरं नाही, पण माणूस कुठं बसवावा हे त्यांना आमच्या आबांपेक्षा कळत होतं.

लग्न मात्र जमेना. मुलगी बघायला गेला, तर तसबीर वाकडी म्हणून पोह्यांची बशी ठेवून स्टुलावर चढला. दुसरीकडे होणाऱ्या सासऱ्याला म्हणाला, "तुमची डावी मिशी लांब हाय."

"याला बायको नको, फूटपट्टी बघा," आत्या म्हणे. नारूभाऊ हसे, पण नकार आला की त्या दिवशी जेवत नसे. तिशी उलटली होती.

शेवटी दिंडोरीची मुलगी बघायला गेलो. तिलाही बरेच नकार आलेले. नजर तपासायची म्हणून आत्यानं रिवाजाप्रमाणे पिशवीतून सुई काढली.

"ओव ग दोरा."

मुलीनं दोन-तीनदा लावून पाहिला. दोरा जाईना. तिच्या आईनं डोळ्याला पदर लावला. आत्यानं माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

"आणा इकडं," नारूभाऊ म्हणाला. दोरा ओला केला, सुई डोळ्याजवळ धरली. चुकला. पुन्हा चुकला! राजाच्या मिशीतला ठिपका हेरणारा हा माणूस!

"आत्या, सुईच खराब. भोक बुजलंय."

"अरे, सकाळीच हिच्यानं गोधडी शिवली मी!"

"मग तुम्हीच बुजवलं असंल."

मुलगी खुदकन हसली. तिचे वडील हसले. आत्या सोडून सगळे हसले.

परतताना मी विचारलं, "खरंच बुजलं होतं?"

"इतकी माणसं टक लावून बसल्यावर कुणाला ओवता येतं?"

चैत्रात त्याच मुलीशी लग्न लागलं. आमच्या घरात इतकी वर्षं आश्रित म्हणून राहिलेल्या नारूभाऊला स्वतःचं घर झालं.