हॉलमध्ये कोणी नाही

दिवाळीनंतर या घरात कुणीही बटण दाबणार नाही, असं मालोजींनी जाहीर करून टाकलं. अंबत्तूरच्या कारखान्यात ते वीस वर्षं सेन्सर बसवत आले होते. भट्टी किती तापली, पट्ट्यावर डबा आला की नाही, सगळं त्यांच्या सेन्सरांना कळायचं. मग मैलापूरच्या आपल्या तीन खोल्यांना एवढीही अक्कल असू नये, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

२००८ साली मेव्हण्याने सिंगापूरहून हब आणून दिला. जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी, तिची एक तार कॉम्प्युटरला, बाकी कारभार बिनतारी. सोबत भिंतीवर लावायचा एक सेन्सर आणि चार प्लग. दिवा, पंखा, देवघरातलं तोरण अशी तीन प्लगांची सोय झाली. चौथा उरला, म्हणून त्यावर बायकोची श्रुतीपेटी लावली. विजयालक्ष्मी गाणाऱ्या, त्या गात असताना ही विजेची पेटी मागे षड्ज धरून ठेवी. सेन्सर बसवला त्यांच्या गाण्याच्या जागेच्या बरोबर वर, तोंड ऐकणाऱ्यांकडे. नियम सोपा: समोर पाच मिनिटं काही हललं नाही, की सगळं बंद, हललं, की सुरू.

पहिल्याच संध्याकाळी विजयालक्ष्मींची भैरवी ऐन रंगात आली आणि दिवा, पंखा, श्रुतीपेटी, अस्कं बंद पडलं. खुर्चीतले मालोजी दचकून उठले, तर पुन्हा सुरू! दुसऱ्या दिवशीही तेच. मालोजींचं कुतूहल चाळवलं. त्यांनी बॅटरी बदलली, वहीत वेळा टिपल्या, कुठल्या रागाला अंधार पडतो याचा तक्ता केला. कॉम्प्युटर मात्र दरवेळी एकच ओळ दाखवी: हॉलमध्ये कोणी नाही. आपण धडधडीत बसलेलो असताना कोणी नाही म्हणजे काय, याचा त्यांना रागच आला.

उलगडा झाला तो शेजारच्या तुळजाजीकाकांमुळे. काका मांडीवर ताल धरून ऐकत होते तोवर उजेड होता. काकांची मान छातीवर पडली आणि पाच मिनिटांत अंधार! सेन्सर बिघडलेला नव्हताच. ऐकणारा झोपला, की तो चोख सांगत होता. मालोजींनी हा शोध मोठ्या आनंदाने बायकोला ऐकवला.

"आणि काल?" विजयालक्ष्मींनी विचारलं. "काल तर काका नव्हते."

"काल मी डोळे मिटून ऐकत होतो," मालोजी म्हणाले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षं हेच उत्तर होतं.

डिसेंबरच्या संगीताच्या हंगामात विजयालक्ष्मींना तितकीच वर्षं दुपारी बाराची कच्चेरी, म्हणजे मैफल, मिळत आली होती. त्या वेळची मंडळी संगीतसभेच्या कँटीनमध्ये जेवायला आलेली असतात. गाणं आपलं तोंडी लावायला. यंदा सभेचे सेक्रेटरी वेंकटरमणमामा घरी येऊन ऐकणार होते. पसंत पडलं तर संध्याकाळची वेळ. पण मामा मान डोलवत नाहीत, हात हलवत नाहीत, अशी त्यांची ख्याती.

"तेवढी ती हबची पेटी आज काढून ठेवा," विजयालक्ष्मी म्हणाल्या. "अकरा वर्षं थांबले मी. आज अंधार नको."

पण मालोजींना हब मामांना दाखवायचा होता. काढायची काय गरज, ते म्हणाले, मी समोर बसून ताल धरतो. माझा हात हलतोय तोवर उजेड हलणार नाही. विजयालक्ष्मी "सरी, बरं" एवढंच म्हणाल्या.

साडेसहाला मामा आले. बोंडे झाले, कॉफी झाली. विजयालक्ष्मींनी कांभोजी सुरू केली. मामा पाटावरच्या गणपतीसारखे निश्चल. मालोजींचा हात मांडीवर इमानेइतबारे पडत होता. मग एका संथ जागी त्यांनी डोळे मिटले. अगदी क्षणभर.

जाग आली ती टाळ्यांनी. टाळ्यांसरशी दिवा लागला, पंखा फिरला. मामा उभे होते, डोळे ओले. मालोजींनी चोरून आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. सहा अठ्ठावन्न: हॉलमध्ये कोणी नाही. सात चोवीस: हॉलमध्ये कोणीतरी आहे.

मामांना वाटलं होतं, वीज गेली. त्या वर्षी ती रोजच जायची. अंधारात असं गाणं ऐकून हलावंसंच वाटलं नाही, ते म्हणाले, आणि खिशातली डायरी काढून त्यांनी शुक्रवारची संध्याकाळ लिहून टाकली. विजयालक्ष्मींनी पदराने डोळे टिपले. मालोजींच्या जिवात जीव आला.

निघताना मामा थबकले. "एक कळलं नाही, अम्मा. श्रुतीपेटी तर बंद पडली होती. तरी खालून कुठूनतरी षड्ज येत होता. दुसरी पेटी आहे का घरात?"

"आहे की," विजयालक्ष्मींनी हनुवटीने नवऱ्याकडे खूण केली. "रोज रात्री वाजते. अकरा वर्षांत कधी बेसूर झाली नाही."

मालोजींनी मुकाट्याने हबची तार उपटली, आणि आपण डोळे मिटून ऐकत होतो, हे सांगायचं त्या दिवशी पहिल्यांदाच टाळलं.