बरणीतला समुद्र

एका जंगलात, जिथून समुद्र इतका लांब होता की मीठसुद्धा जपून चाटावं लागे, मालन नावाची एक साळिंदर राहत असे. अंगावर काटे, म्हणून दरबारात तिच्या शेजारी कुणी बसत नसे. तिला वाटे, आपल्याला एखादं पद मिळावं. मुलांनो, पदाच्या शेजारी सगळे बसतात, मग त्याला कितीही काटे असोत.

एकदा समुद्राकडून कुरव पक्षी आला. त्याने वाघमहाराजांना भेट आणली. काचेची बरणी, तिच्यात खारं पाणी, एक दगड आणि दगडावर मऊ प्रवाळ. प्रवाळ हे झाड नव्हे, प्राणी. पण ते पळत नाही आणि तक्रार करत नाही, त्यामुळे दरबाराने त्याला प्राणी मानलं नाही. खुशीत असलं की ते बोटं पसरतं. नसलं की मूठ मिटतं.

"एवढीशी तर बरणी," महाराज म्हणाले. "कुणीही सांभाळेल."

कुणीही म्हणताच सगळ्यांनी मालनकडे पाहिलं.

जाताना कुरवाने तिला बाजूला घेतलं. "बाई, बरणी लहान म्हणून काम सोपं समजू नकोस. मोठ्या समुद्रात चूक विरघळते, इथे ती बसून राहते. पाणी उडून जातं, मीठ मागे उरतं. म्हणून बरणीवरच्या खुणेपर्यंत गोडं पाणी घालत जा. बाकी हात लावू नकोस."

मालन सकाळी थोडं गोडं पाणी घाली आणि समोर बसून राही. प्रवाळाने गुलाबी बोटं पसरली. मालनकडे पाहून हात पसरणारं तिच्या आयुष्यात हे पहिलंच.

मग कारभारी तरसराव आले. "मालनबाई, दिवसभर करता काय?"

"बघते."

"बघता म्हणजे?"

"बोटं उघडी आहेत ना, ते."

"आणि समुद्राला गोडं पाणी पाजता? त्याच्या घराण्याचा काही मान? उद्या महाराज पाहणीला येणार. बसलेल्या दिसलात तर बरणीचं पद माकडाला जाईल. ते निदान उड्या तरी मारतं."

मालनने प्रवाळाकडे पाहिलं. मग दरबारात आपल्या शेजारी कायम रिकाम्या राहणाऱ्या जागेकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने दगड घासला. चाटायचं मीठ कालवून वर खारं पाणी ओतलं. उंबराचं फळ कुस्करून भरवलं. बरणी सावलीतून उन्हात नेली, उन्हातून सावलीत आणली. प्रवाळाने मूठ मिटली.

"आजच्यापुरतं सांभाळून घे, बाई," ती पुटपुटली.

महाराज आले. "वा, काम म्हणतात ते हे." सगळ्यांनी मालनकडे पाहिलं. बरणीत कुणी डोकावलं नाही. म्हणून महाराज रोज येऊ लागले, आणि मालन रोज घासू लागली.

शेवटी प्रवाळ विरघळलं. बरणी हिरव्या शेवाळाने भरली. मालन दरबारात उभी राहिली. "महाराज, ते गेलं."

"मग हे हिरवं काय?"

"वाढ, महाराज," तरसराव म्हणाले. "आधी दगडापुरतं होतं. आता बरणीभर आहे."

महाराज प्रसन्न झाले. त्यांनी मालनला शेजारी बसवलं आणि जंगलातलं मोठं तळं तिच्याकडे सोपवलं.

माशांना अजून कळवलेलं नाही.

तात्पर्य : कष्टाचं फळ मिळतंच. मात्र ज्याच्यासाठी कष्ट केले त्यालाच ते मिळावं, असा हट्ट धरू नये.