एकोणपन्नास किलो

पाटणकर काकांनी माझं वजन वाण्याच्या काट्यावर केलं होतं, तेही संध्याकाळी, दुकानात गिऱ्हाइकं असताना. गव्हाचं पोतं उतरवून मला उभं केलं. मी जमिनीकडे बघत राहिले.

"एक्केचाळीस," वाणी म्हणाला.

"आठ कमी पडतात," काका हळहळले.

त्यांनी घरी येऊन जाड कापडाची पिशवी शिवली आणि त्यात बरोबर आठ किलो वाळू भरली. ती त्यांच्या अ‍ॅम्बेसिडरमध्ये माझ्या पायाशी राहायची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सरावलीत आमच्या भिंतीला भिंत लागून काका एकटे राहत. मूळचे साताऱ्याकडचे, तारापूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फोरमन. इंजिन न उघडता गाडीला बाहेरून काहीतरी जोडायचं, सायलेन्सर, एअर फिल्टर, आणि त्यानं खरोखर किती ताकद वाढली ते शोधायचं, हा त्यांचा रविवार. हॉर्सपॉवरला ते घोडे म्हणत. गाडीचे मुळातले घोडे पन्नास, त्यातले काही म्हातारे, असं सांगत.

समोरच्यानं कसलाही दावा केला की काका विचारत, "मोजलंत का?" आईनं या वेळचं लोणचं जास्त मुरलंय म्हटलं, तरी हाच प्रश्न. बायको गेल्यावर भेटायला आलेल्या कुणीतरी म्हटलं होतं, काळ गेला की दुःख कमी होतं. काकांनी त्यालाही विचारलं होतं. तो माणूस चहा न घेता गेला, असं आई सांगे.

कुंभवलीचा जानू मेकॅनिक मात्र घाबरत नसे.

"काका, तुमी ह्यो सायलेन्सर लावा. दहा घोडं वाढलं नाय तर नाव बदलीन."

"मोजलंस का?"

"आवाज आयका ना. कानाला समजते."

"कानाला दहा समजतात. खिंडीला दोन."

खिंड म्हणजे पालघरहून मनोरला जाताना लागणारी वाघोबाची खिंड. पायथ्याच्या मोरीपासून वरच्या देवळापर्यंत गाडी पूर्ण दाबून चढवायची, बटण दाबून घड्याळ लावायचं, आणि वेळ वहीत लिहून त्यावरून काका घोडे काढायचे. सायलेन्सरचे दोनही निघाले नाहीत, दीड निघाला. परतल्यावर त्यांनी जानूला शांतपणे विचारलं, "मग, आता काय म्हणून हाक मारू तुला?"

घड्याळ माझ्या हातात असे. मी कॉलेजात होते, तरी घरी पाहुणे आले की स्वयंपाकघरात जाऊन उभी राहणारी. काकांना तेच पसंत होतं. "तू बोलत नाहीस, हे उत्तम. बोलणाऱ्याचा अंगठा उशिरा पडतो."

गाडीत दर वेळी तेवढंच वजन हवं, नाहीतर आधीच्या वेळांशी तुलना होत नाही, हे मला पटत होतं. पण एकोणपन्नासच का, हे मी कधी विचारलं नाही. एकदा काका पेट्रोल भरून घेत होते, तेव्हा मी त्यांची वही मागे उलटली. माझी शाळा इंग्रजी, मराठी अक्षर मला सावकाश वाचावं लागतं. जुन्या पानांवर गोल, बायकी अक्षर होतं.

"फेरी तिसरी. चार मिनिटं बारा सेकंद. निघण्याआधी गाय आडवी आली. ह्यांनी गाईला वेळ विचारली नाही, एवढंच." पहिल्या पानावर लिहिलं होतं, "माझं वजन एकोणपन्नास. साडी धरून."

आणि शेवटची नोंद, "नवा कार्बुरेटर आणलाय. दिवाळीनंतर बसवू म्हणतात."

त्यापुढचा एक महिना कोरा होता.

बाकीचं आईकडून कळलं. त्याच दिवाळीत काकूंना छातीत कळ आली. याच गाडीतून काका त्यांना भर दुपारी मुंबईला घेऊन निघाले. खिंडीत गाडी ट्रकच्या मागे रखडली, पुढे काढायला दम नव्हता. पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी यायला हवं होतं. कार्बुरेटर तेव्हा खोक्यात, कॉटखाली होता.

तीन वर्षं तो तिथेच राहिला. एका रविवारी काका म्हणाले, "जानूनं कार्बुरेटर बसवलाय. सायलेन्सर, फिल्टर, सगळं आहेच. आज शेवटची फेरी."

त्यांना काय मोजायचं होतं ते मला आता ठाऊक होतं: तो तेव्हाच बसवला असता तर किती वेळ वाचला असता. मोरी आली आणि मी घड्याळ सुरू केलं. गाडी खरोखरच जोरात चढत होती. देऊळ जवळ येताना मला वाटलं, अंगठा थोडा उशिरा टाकला तर फरक कमी दिसेल, आणि हा माणूस सुटेल. वाळूची पिशवी माझ्या पावलांना टेकली होती.

मी देवळाशीच अंगठा दाबला.

"तीन मिनिटं चौपन्न."

काकांनी गाडी बाजूला घेतली. इतर गाड्यांचे ड्रायव्हर उतरून वाघोबाला हात जोडत होते. काकांनी वहीत काकूंच्या चार-बारातून वजाबाकी केली, मग पुन्हा केली. "अठरा सेकंद. चार घोडे. फार तर साडेचार." पेन्सिल थांबली. "मुंबईपर्यंतचा सगळा रस्ता धरला तर?"

ते हिशेब माझ्याहून चांगले करत. तरी वही त्यांनी माझ्याकडे दिली. पुढे रस्ता सपाट, चढ मोजकेच. मी सगळ्या चढांना, त्या ट्रकलाही, उदार हातानं सेकंद दिले.

"दोन मिनिटं."

"दोनच?"

"तीसुद्धा रस्ता मोकळा असेल तर."

"डॉक्टर अर्धा तास म्हणाला होता."

"हो."

काकांनी चष्मा काढला आणि रुमाल सापडेना, म्हणून तसाच हातात धरला.

"नक्की ना?"

"मोजलंय, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. सुटका झालेल्या माणसासारखे ते दिसत नव्हते. तीन वर्षं धरून ठेवलेलं काहीतरी कुणी हातातून काढून घेतलं होतं, आणि आता हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

"मी मागे बसते," मी म्हणाले. मी उतरले, तेव्हा त्यांनी वाकून वाळूची पिशवी उचलली आणि मोकळ्या झालेल्या पुढच्या, काकूंच्या सीटवर ठेवली.

खिंड उतरताना ते इतकी हळू चालवत होते की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत पुढे जाऊ लागले. वळणावर पिशवी कलंडायला लागली की काका स्टिअरिंगवरचा डावा हात काढून तिला धरत होते.