कुलूपबंद पंचमाची हकीकत

श्री नादब्रह्मास नमन असो, आणि ज्यांचे कान अद्याप शाबूत आहेत त्यांस दंडवत. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरीं, भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत जो मजकूर घडला तो जैसा पाहिला, ऐकिला आणि मोजिला तैसा लिहिला असे. पदरचें घातलें नाहीं, घालण्याची गरजही पडली नाहीं.

प्रथम काय होतें तें. तंबोऱ्याचें ॲप म्हणोन एक यंत्र होतें, तें हातांतील फोनांत वसे. त्यांत तंबोरे दोन, एकेकास तारा चार, पट्ट्या बारा, ताल सोळा आणि जाहिराती शून्य. चार तारांपैकीं पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, चौथी खर्जाची, म्हणजे तोच षड्ज एक सप्तक खालीं. षड्ज म्हणजे गाणाराचें घर, आणि पंचम म्हणजे त्या घराची समोरची भिंत, जी पाहोन आपण सरळ उभे आहों कीं कलंडलों हें गाणारास कळतें. मोजूं जातां षड्जाचीं कंपनें जितकीं त्यांच्या दीडपट पंचमाचीं, आणि हें प्रमाण कोणाचे हुकुमानें वाढत घटत नाहीं. ज्यानें एकवार मोल देऊन यंत्र घेतलें त्यास सनद मिळे, सनदेंत अक्षरें ऐसीं कीं, "आचंद्रार्क आपलें."

यंत्र ज्या राज्याचें, त्याचें नांव लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. त्यास भूमि नव्हती, तें ढगांत वसे, आणि तेथील महाराज आरंभीं स्वतः गाणारे होते म्हणोन यंत्र उत्तम निपजलें होतें. पुढें महाराजांचे पदरीं सावकार आले आणि महाराजांचें गाणें सुटलें, आणि सावकारांनीं आपला एक दिवाण नेमोन दिला, ज्यास सूर कळत नसे परंतु आलेख उत्तम कळत. मग भाद्रपदांत मसलत बसली आणि दिवाण बोलिले, "महाराज, ज्यांनीं एकवार मोल दिलें त्यांजकडोन पुन्हा येतें तें काय? केवळ अपेक्षा." महाराज बोलिले, "मग करावें काय?" दिवाण म्हणाले, "दरमहा वर्गणी." महाराज म्हणाले, "कशावर? चार तर तारा आहेत." तेव्हां दिवाण हांसले आणि म्हणाले, "पंचमावर. षड्ज काढोन घेतला तर रयत बोंब मारील. पंचम काढिला तर चार दिवस प्रत्येकास वाटेल कीं आपलाच कान बिघडला, आणि तोंवर वर्गणीची संवय होईल." महाराज बहुत उत्तम म्हणाले आणि त्यांस पान दिलें.

मग खलिता निघाला. खलित्यांत तक्रारीस जागा नव्हती, प्रेमच भरलें होतें. "आमच्या लाडक्या संगीतपरिवारास, आपणां सर्वांच्या आग्रहाखातर" ऐसा आरंभ करून पुढें लिहिलें होतें कीं आतां पंचम अधिक समृद्ध झाला असे आणि तो रौप्य, सुवर्ण व सम्राट ऐशा तीन योजनांत मिळेल, आणि जुन्या निष्ठावंतांसाठीं षड्ज सदैव मोफत, मधून मधून जाहिरातींसह. आग्रह कोणीं केला याचा शोध बहुतांनीं केला, कोणी सांपडला नाहीं. दुसरे दिवशीं ज्यानें ज्यानें रियाजास यंत्र लाविलें त्यास पहिल्या तारेवर सोन्याचें एक लहानसें कुलूप दिसलें, आणि मागल्या तीन तारा वाजोन पहिलीचे जागीं एक पोकळी वाजूं लागली.

त्या राज्याची रयत पृथ्वीवर पसरली होती, त्यांत एका लहान शहरांत कृष्णाबाई नाफडे म्हणोन गानगुरू होत्या, वय चौऱ्याहत्तर. उजव्या हाताचीं बोटें संधिवातानें आखडलेलीं, त्यामुळें तंबोरा छेडवेना. स्वतःचा तंबोरा होता त्याचा भोपळा उन्हाळ्यांत चिरला, तो कारागिराकडे पडला, आणि कारागीर सांगे कीं संक्रांतीनंतर. म्हणोन बाईंचें सारें शिकवणें त्या यंत्रावर चालत असे. आणि बाईंचे गुरू, ज्यांस सर्व बुवा म्हणत, त्यांची पुण्यतिथि मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस. त्या दिवशीं बुवांचे बैठकीत बाई एकतीस वर्षें बिलावल गात आल्या, बुवांनीं शिकविलेली तीच बंदिश, आणि बुवांचा दंडक ऐसा कीं त्या दिवशीं बैठकीत भाड्याची वस्तु नाहीं आणि मागून आणिलेलीही नाहीं. सतरंजी आपली, समई आपली, तबला आपला, सूर आपला. एके वर्षीं कोणी मंडपवाल्याची गादी घातली, तेव्हां बाई भुईवर बसल्या होत्या. आतां दरमहा वर्गणी म्हणजे भाडें, हें समजावयास शास्त्रार्थ नको. आणि बिलावलास पंचमावांचून उभें करणें म्हणजे छपरास भिंतीवांचून उभें करणें. सबब प्रश्न इतकाच पडला कीं यंदा तिथि होते कीं मोडते.

बाईंची शिष्या शाल्मली घैसास, जी फोनाचें सर्व पाही, तिनें राज्याचे साहाय्यकक्षास लिहिलें. तेथें मधुरा नांवाची दासी उत्तर देई. ती मनुष्य नव्हे, परंतु नम्र बहुत. बाई शेजारीं बसोन मजकूर सांगूं लागल्या. "लिही, पंचम मी विकत घेतलाय, माहेरून आंदण आणलेला नाही." दासीनें उत्तर दिलें, "आपली भावना मी समजू शकते. आपणांस सुवर्ण योजना दाखवू का?" बाई म्हणाल्या, "सोनं नको म्हणावं, सूर दे." दासी म्हणाली, "उत्तम निवड! सम्राट योजनेत सूर अधिक आहेत." शाल्मलीनें सनदेचें चित्र काढोन धाडलें, आचंद्रार्क हें अक्षर त्यांत ठळक करून. त्यावर दासीनें क्षणभर तीन ठिपके नाचविले आणि लिहिलें, "आचंद्रार्क हे ॲपच्या जुन्या आवृत्तीस लागू होते. जुनी आवृत्ती गेल्या मंगळवारी बंद झाली. आपल्या संयमाबद्दल आभार." बाईंनीं चष्मा काढिला आणि म्हणाल्या, "म्हणजे सूर्यचंद्र मंगळवारी वारले, आणि आपल्याला सुतकसुद्धा कळवलं नाही." मग विचारिलें, "तिला विचार, ती गाते का." दासी म्हणाली, "मी गाऊ शकत नाही, परंतु सात दिवस पंचम मोफत देऊ शकते. कृपया कार्डाचा क्रमांक द्या."

तबल्यावर जानोबा गुरव बसत, वय सत्तर, त्यांनीं बुवांचीही साथ केली होती. ते म्हणाले, "बाई, घ्या ना सात दिवस. तिथी आटपली की सोडून देऊ. कोणाला कळतंय?" बाई म्हणाल्या, "जानोबा, बुवांच्या तिथीला चाखायला आणलेला पंचम लावू? तो काय फरसाण आहे, चिमूटभर हातावर घेऊन बघायला?" शाल्मली म्हणाली, "बाई, मी भरते वर्गणी. माझ्याकडून भेट समजा." बाई म्हणाल्या, "भेट एकदा देतात गं. दर महिन्याला देतात त्याला पोटगी म्हणतात." आणि तो विषय तेथें मिटला.

इकडे रयतेनें काय केलें तें ऐकावें. प्रथम सर्वांनीं अभिप्रायाच्या दालनांत जाऊन एकेक चांदणी दिली आणि कठोर मजकूर लिहिला, "पैसे परत करा," "हा दरोडा आहे," "माझ्या आजोबांच्या वेळी असे नव्हते," आणि प्रत्येकाखालीं राज्यानें उत्तर दिलें कीं, "आपला अभिप्राय आम्हांस मोलाचा आहे." मोल किती तें लिहिलें नाहीं. मग रयत दमली, आणि तिनें ऐसी युक्ति काढिली जी या रयतेसच सुचावी. पंचम महाग झाला, तर ज्यांत पंचम वर्ज्य तो राग गावा, हें एकास सुचलें आणि हजारांनीं उचललें. मालकंसांत पंचम नाहीं. मालकंस खरा मध्यरात्रीचा, परंतु आतां लोक दूध तापतां तापतां मालकंस गाऊं लागले, शाळेंत प्रार्थना मालकंसांत, बारशास मालकंस. त्या शहरांत कार्तिकांत मुलांची गायनस्पर्धा जाहली, सकाळीं नवास आरंभ, गाणारे तेवीस, पैकीं एकोणीस मालकंस. परीक्षक दहाव्या मुलास म्हणाले, "बाळ, तू काय गाणार?" बाळ म्हणाला, "मालकंस." परीक्षक मागें वळोन म्हणाले, "माझा चहा राहू द्या, पांघरूण आणा." दिवाणांनीं हे आंकडे आलेखांत पाहिले आणि दरबारांत जाहीर केलें कीं आपल्या यंत्रामुळें प्रजेंत मालकंसाची अभिरुचि नऊ पटीनें वाढली, आणि त्याबद्दल स्वतःस एक पदक दिलें.

कृष्णाबाईंस कोणी सुचविलें कीं तुम्हीही यंदा मालकंस गा. बाईंनीं त्याजकडे केवळ पाहिलें. तो मनुष्य नंतर दोन आठवडे शिकवणीस आला नाहीं.

तिथीस आठ दिवस उरले तेव्हां बाईंनीं फोन उचलोन कानास लाविला, मोफतचा षड्ज वाजत होता, मध्यें केशतेलाची जाहिरात होऊन गेली, आणि बाई एकाएकीं म्हणाल्या, "शाल्मले, थांब. बोलू नकोस. खर्जात ऐक." शाल्मलीनें ऐकिलें आणि म्हणाली, "काय?" बाई म्हणाल्या, "आत. तळाशी नाही, वर. कोण बोलतंय?" तिनें डोळे मिटले, पुन्हा ऐकिलें, आणि किंचाळली, "पंचम!" गोष्ट नवी नव्हे. तार एकसंध हलते तैसीच ती आंतल्या आंत दोन भागांत, तीन भागांतही हलते, आणि तीन भागांत हलते तेव्हां जो स्वर निघतो तो पंचम. बाईंच्या पट्टीस खर्जाची तार अठ्ठ्याण्णव कंपनांची, तिच्या तिप्पट दोनशें चौऱ्याण्णव. बाईंचा मधला षड्ज एकशें शहाण्णव, त्याच्या दीडपटही तितकींच. राज्यानें पंचमाचे दारास कुलूप घातलें, परंतु पंचम षड्जाचे पोटांत बसला होता आणि षड्ज मोफत होता. बाई बहुत संतोषल्या. म्हणाल्या, "झालं. षड्ज आपण विकत घेतलाय, तो त्यांनी काढून नेला नाही, त्यातला पंचम आपलाच. तिथी होणार."

येथवर सर्व नीट होतें. मग शाल्मलीकडोन ती चूक घडली जी विद्वानांकडोनच घडते. आनंद पोटांत मावेना, म्हणोन तिनें त्याच अभिप्रायाचे दालनांत जाऊन, पांच चांदण्या देऊन, आकृतीसह लिहिलें: "मित्रहो, वर्गणी भरूं नका. षड्जांत पंचम आहे. खर्जाचा तिसरा अंश ऐका." चार हजार लोकांनीं तें वाखाणलें. चार हजार एकावे दिवाण होते. त्यांनीं यंत्राचे कारागिरांस बोलावोन विचारिलें, "हें खरें?" कारागीर म्हणाले, "खरें. निसर्गच तैसा आहे." दिवाण म्हणाले, "निसर्गानें वर्गणी भरली आहे काय?" कारागीर म्हणाले, "नाहीं." "मग काढा."

तिथीस तीन दिवस उरले असतां यंत्राची नवी आवृत्ति आली, सोबत खलिता एकाच ओळीचा: "किरकोळ सुधारणा व दोषनिवारण." बाईंनीं षड्ज लाविला आणि हात मागें घेतला. तार वाजत होती परंतु जिवंत नव्हती, जानोबा म्हणाले, "नाकात बोळे घालून ओम म्हणतंय कुणीतरी." मोजणी केली तेव्हां अठ्ठ्याण्णवावर सूर होता, एकशें शहाण्णवावर होता, आणि दोनशें चौऱ्याण्णवावर जेथें पंचम असावा तेथें साफ खळगा होता, पाटीवरून बोटानें पुसल्याऐसा. मोजण्याचें ॲप फुकट होतें. त्यास अद्याप सावकार मिळाला नव्हता. शाल्मली रडूं लागली. बाई म्हणाल्या, "रडतेस काय? घरातलं दूध कुठे ठेवलंय ते मांजराला चित्र काढून दाखवलंस." आणि आखडलेलीं बोटें चोळीत बसल्या.

सप्तमीस बैठक भरली. माणसें एक्केचाळीस, सतरंजी आपली, समई आपली. शाल्मलीनें अखेरचा प्रयत्न म्हणोन फोन पुढें ठेविला, तो कण्हूं लागला, आणि मध्येंच म्हणाला कीं सम्राट योजनेवर आज विशेष सवलत. एक्केचाळीस माणसांनीं तें ऐकिलें. बाई म्हणाल्या, "बंद कर ते." शाल्मली म्हणाली, "बाई, मग सूर?" बाई जानोबांकडे वळल्या. "तबला कुणाचा?" जानोबा म्हणाले, "बुवांचा. त्या फडताळातला. वरच्या कातड्याची पुडी मी बदलली, बाकी त्यांचाच." बाई म्हणाल्या, "मिळवलाय?" जानोबा म्हणाले, "सकाळीच. षड्जाला." "दे मग एक थाप, आणि गप्प बस." जानोबांनीं थाप दिली, बाईंनीं षड्ज घेतला, आणि मग तबलाही थांबला, कोठें कांहीं वाजत नव्हतें, आणि बाई त्या षड्जावर इतका वेळ उभ्या राहिल्या कीं मागें बसलेले कोणी खोकला गिळोन बसले. जानोबा हळूच म्हणाले, "सूर पडेल हो." शाल्मली म्हणाली, "तुम्ही गप्प बसा, तुम्हाला सांगितलंय." मग बाईंनीं बिलावल आरंभिला, आणि बंदिश मांडिली, आणि तबला त्यांजमागें चालूं लागला, आणि तिथि जाहली.

आतां सारांश. राज्यास त्या वर्षीं वर्गणीदार बहुत मिळाले आणि महाराजांनीं दुसरें राज्य विकत घेतलें. मालकंस सर्वत्र गाइला गेला. बिलावल बुवांचे बैठकीत एकवार गाइला गेला, साथीस तंबोरा नाहीं, यंत्र नाहीं. त्याची मोजणी येणेंप्रमाणें: आरंभीं षड्ज एकशें शहाण्णव, बेचाळीस मिनिटांनंतर, शेवटीं, षड्ज एकशें शहाण्णव, पंचम दोनशें चौऱ्याण्णव.