दाऊदभाईंची बोंब

जानेवारी १९९१, रियाध, आखाती युद्ध. हवाई हल्ल्याच्या पहिल्या भोंग्याची संध्याकाळ. वसूल झालेला दंड पंधरा रियाल. हजर : आमच्या इमारतीतली तीन बिऱ्हाडं, विषारी वायूच्या भीतीनं खिडक्यांना चिकटपट्टी लावून आत बसलेली, आणि दाऊदभाई, जिन्यात बोंबलत.

दाऊदभाई रत्नागिरीकडचे, माझ्याच कंपनीत टायपिस्ट. वकिलीच्या परीक्षेत दोनदा नापास झाले, पण पुस्तकं सोडली नाहीत. इंग्रजांचा कायदा जितका जुना, तितका त्यांना प्यारा.

"सावंत, संकटाची बोंब कानावर आली की ऐकणाऱ्यानं स्वतः बोंब मारत बाहेर पडायचं. घरात बसला तर दंड. सातशे वर्षांपूर्वीचा कायदा आहे!"

"तेव्हा वरून क्षेपणास्त्रं पडत नव्हती, दाऊदभाई."

"कायद्यात तशी सूट नाही."

अखेर तडजोड झाली. भोंगा झाला की ते प्रत्येक दारावर थाप मारणार. आतून "आहोत!" असा जबाब आला नाही, तर पाच रियाल. पैसे बिस्किटांच्या डब्यात, हिशेब माझ्याकडे.

वरच्या मजल्यावरचा कुरियन एकदा दाराआडून ओरडला, "मेरा घर मेरा किला है! ये भी अंग्रेज़ों का कानून है, आपने ही सिखाया था!"

"वो कानून बाद का है! बोंब उससे पुरानी है. निकालो पाँच रियाल!"

"ह्या माणसाला स्वतःच्या जिवाची काळजी नाही का हो?" बायको मला विचारी.

काळजी होती, पण दुसऱ्याच जिवाची. त्यांचा धाकटा भाऊ युसूफ कुवेतला शिंप्याच्या दुकानात होता. ऑगस्टात इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्यापासून ना पत्र, ना फोन. दाऊदभाई तो विषय काढू देत नसत. फक्त एखाद्या दाराआडून जबाब यायला उशीर झाला, की त्यांची थाप जोरात पडे आणि आवाज चिरकायचा. पुढे पुढे आम्ही थाप पडण्याआधीच "आहोत!" म्हणू लागलो. डब्याची आवक थांबली.

लढाई संपल्यावर, मार्चमध्ये, ऑफिसात त्यांना पूर्व किनाऱ्यावरच्या दम्मामहून फोन आला. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. मग सगळं ऑफिस दचकेल असे गरजले, "सात महिने हाका मारतोय! जबाब का दिला नाहीस? पाच रियाल दंड!"

फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा पुसला. दोनदा.

घरी येऊन मी वहीत नोंद केली : दंड पाच रियाल, नाव युसूफ, भरणार दाऊदभाई. डब्यात एकूण सत्तर रियाल झाले. ते खर्चायला इमारतीत कोणाचीच हरकत नव्हती. ते सत्तरच्या सत्तर मी त्याच संध्याकाळी बत्ह्याच्या टॅक्सीतळावर दम्मामच्या टॅक्सीवाल्याला दिले आणि दाऊदभाईंना आत बसवलं.